ढकलायचं नाही, नुसतं धरायचं

भाऊजी,

माझी खालची कवळी डाव्या बाजूला अजून टोचते. हे वाक्य तुम्ही माझ्या तोंडून किती वेळा ऐकलंत आणि किती वेळा "घरी पोचलो की लगेच घासून देतो" म्हणालात, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. लोकांच्या तोंडात दात बसवून पोट भरणारा माणूस सख्ख्या वहिनीच्या कवळीची केसाएवढी कड घासून देत नाही, आणि एका जुनाट सायकलीच्या चकतीला मात्र कानस मारत दिवसच्या दिवस बसतो. याला काय म्हणायचं? मी पुष्कळ काही म्हणते. पण चढावर तोंड उघडलं की कवळी टोचते, म्हणून मनातच म्हणते.

असलं पत्र वहिनी बरीच वर्षं मनातल्या मनात लिहीत आल्या होत्या. कागदावर ते कधी उतरलं नाही, कारण तशी गरज नव्हती. भाऊजी गल्लीच्या वरच्या टोकाला राहायचे आणि वहिनी खालच्या. आता भाऊजी नाहीत, तरी पत्र चालूच आहे. मायना तोच, मजकूर तोच आणि वैतागही तोच.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वहिनी लग्न होऊन त्या घरात आल्या, तेव्हा दारातल्या बोळात मामंजींची काळी सायकल उलटी ठेवलेली होती आणि शाळेत जाणारे हे दीर तिच्याखाली आडवे पडले होते. नव्या साडीचा पदर चेनला लागला. वंगणाचा तो डाग कुठल्याही साबणाने गेला नाही. नवी नवरी म्हणून वहिनी त्या दिवशी गप्प बसल्या. गप्प बसण्याची ती त्यांची पहिली आणि शेवटची वेळ. पुढे त्या शाळेत गणित शिकवू लागल्या, मग तर बोलायचेच पैसे मिळू लागले.

भाऊजींनी पुढे कवळ्या करायचा धंदा धरला. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवायचे. भाऊजी त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी हिरडी भरायचे. घराच्या मागच्या खोलीत खिडकीच्या कठड्यावर असे दहा-बारा जबडे कायम ओळीने हसत असायचे. खोलीला मेणाचा, स्पिरिटचा आणि जळक्या प्लास्टिकचा वास. टेबलाला बोल्टने बसवलेली घासायची मोटर. आणि भिंतीला टेकून, जबड्यांच्या शेजारी, मामंजींची काळी सायकल. तयार कवळ्या डबीत घालून भाऊजी त्याच सायकलीवरून डॉक्टरांकडे पोचवायचे. खाली सपाटीवर सायकल भन्नाट पळायची. परत येताना मात्र गल्लीच्या तोंडाशी उतरून हातात धरून वर न्यायची, कारण ती गल्ली म्हणजे जवळजवळ भिंतच. अरुंद, मध्ये एक वाकडं वळण, आणि तोंडाशी नगरपालिकेने रोवलेले दोन लोखंडी खांब. त्यांतून माणूस जाईल, सायकल जाईल; चारचाकीचं नाव नको.

सगळा घोळ त्या चढाने केला. भाऊजींची बायको, म्हणजे वहिनींची धाकटी जाऊ, हिचे गुडघे गेले. शिवणकाम करून करून गेले की असेच गेले, यावर डॉक्टरांत एकमत नव्हतं. व्यायामाबद्दल मात्र होतं: आठवड्यातून दोनदा खाली दवाखान्यात येऊन करायचा, नाहीतर पाय कायमचे आखडतील. उतरताना ती भिंतीला धरून, आडवं आडवं पाऊल टाकत कशीबशी यायची. वर जाणं मात्र जमेना. एकदा वळणावर इस्त्रीवाल्याच्या स्टुलावर जरा टेकली, ती दिवेलागणीपर्यंत उठलीच नाही. शेवटी भाऊजी आणि इस्त्रीवाला दोघांनी काखेत धरून नेली. दुसऱ्या दिवसापासून तिने उतरणंच बंद केलं.

वहिनींनी मग स्वतःच्या स्वभावाप्रमाणे प्रश्न सोडवून टाकला. त्यांच्याच खाली, तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. एकही पायरी नाही, दवाखाना समोर. घरमालकाला गळ घालून त्यांनी जागा महिनाअखेरपर्यंत अडवून ठेवली आणि चढ चढून सांगायला गेल्या.

"सामान काय ते बघून घ्या," त्या म्हणाल्या. "मी पडदेसुद्धा मोजून आलेय."

धाकटी कापायच्या टेबलाशी बसली होती. हे टेबल सुताराने त्या खोलीतच बनवलं होतं. खोलीच्या दारापेक्षा ते मोठं होतं. दोन बाजूंच्या खिडक्यांतून त्यावर संध्याकाळपर्यंत उजेड असायचा. गल्लीतल्या निम्म्या बायकांना तिने याच टेबलावर कापड कापायला शिकवलं होतं.

"ताई, त्या खोल्यांत दुपारी दिवा लावावा लागतो," ती म्हणाली.

"लाव की. बिल मी भरते."

"आणि हे टेबल?"

"टेबलाचं काय? दुसरं करू."

धाकटीने टेबलावरचा खडू उगाच उचलला आणि परत ठेवला. "मला खाली यायचं नाही असं नाहीये. मला परत वर यायचंय."

तेवढ्यात मागच्या खोलीच्या दारात भाऊजी येऊन उभे राहिले. हाताला मेण, कपाळावर चष्मा.

"वहिनी, महिनाअखेरपर्यंत वेळ आहे ना? मी सोय करतो."

"कसली सोय?"

"सायकल."

वहिनींनी कपाळाला हात लावला.

बाकी सगळे उपाय करून झाले होते, हे खरं. स्कूटरचं लायसन्स भाऊजींना मिळत नव्हतं, एका डोळ्याला कमी दिसायचं. खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं म्हटलं, तर धाकटी म्हणाली, "मी काय कपाट आहे?" सायकलवर बसवून ढकलत नेण्याचा प्रयोगही झाला होता. वळणापर्यंत जाऊन भाऊजींची छाती भरून आली आणि सायकल, सामान, बायको सगळं मागे घसरू लागलं. इस्त्रीवाल्याने पाठ लावली म्हणून वाचले.

"ढकलायला जोर एकदम लागतो," भाऊजी म्हणाले. "तोच जोर थोडा थोडा करून लावला तर? पुढची चकती अगदी लहान, मागची अगदी मोठी. पाय भरपूर फिरवायचे, पण लोण्यासारखे फिरतील. मी तिला बसवून चढेन."

"गिअरची सायकल बाजारात आयती मिळते."

"एवढा हलका गिअर तिच्यात नसतो. आणि त्या नाजूक चाकावर मागे माणूस बसवला तर तारा तुटतील. ही बाबांची सायकल आहे, वहिनी. हिच्यावरून बाबांनी पोती आणलीत, दादाला आणलंय, कपाट आणलंय."

"कपाट?"

"कपाटाचं दार."

शिवाय सायकलीने सपाटीवरचा वेगही सोडायचा नव्हता, कारण कवळ्या तर पोचवायच्याच होत्या. म्हणजे जुन्या चकत्या तशाच ठेवून त्यांच्या शेजारी नव्या बसवायच्या. चढाशी आलं की उतरायचं, आकडीने चेन उचलून दुसऱ्या चकत्यांवर घालायची, आणि चेनला ढिलाई येऊ नये म्हणून खालून एक स्प्रिंगचा हात ताणून धरणार. पळायलाही तीच सायकल आणि भिंतीवर चढायलाही तीच. ऐकताना वहिनींना असा वैताग आला, की त्यांनी पर्समधून पेन काढून चढाचा आणि वजनाचा हिशोब करून टाकला, निदान हे वेड तरी मोडावं म्हणून. उत्तर भाऊजींच्या बाजूने आलं. जोर खरंच पुरत होता. त्यांनी दोनदा ताडून पाहिलं आणि कागद चुरगळून फेकला.

पहिली मोठी चकती भाऊजींनी केली ती गुलाबी. प्लास्टरचा साचा कोरून त्यात हिरडीचाच माल ओतला. म्हणे, लोखंड कापण्याआधी नमुना हवा. नमुना नुसता बघायचा असतो. पण यांना धीर कुठला? सायकलीला बसवून निघाले चढावर. दहा पावलं गेली असतील नसतील, फटाफट आवाज झाला आणि चकतीचे गुलाबी दाते चारी दिशांना उडाले. एक इस्त्रीवाल्याच्या शर्टांच्या गठ्ठ्यात सापडला. "कुणाची कवळी फुटली की काय?" म्हणत तो बिचारा घरोघर विचारत फिरला.

मग भंगारवाल्याकडून जाड पत्रा आला आणि घरात दिवसभर कुर्र-कुर्र सुरू झालं. त्याच सुमारास गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक कवळीसाठी ताटकळत होते. माप देऊन कितीतरी दिवस झालेले, तोंडाचं बोळकं, रोज भाताची पेज. संध्याकाळी ते काठी टेकत चढ चढून यायचे.

"झाले का?" ते विचारायचे.

"निम्मे दाते झाले," भाऊजी मान वर न करता म्हणायचे.

मुख्याध्यापकांचा चेहरा उजळायचा. मग ते टेबलाकडे बघायचे, आणि पडलेल्या चेहऱ्याने परत उतरायला लागायचे. वहिनी एकदा नेमक्या तिथे होत्या. त्यांना माणसाची लाज वाटली, आपल्या माणसाची.

"भाऊजी, आधी त्यांचे दात द्या! आणि माझीही कवळी टोचतेय. डावीकडे."

"घासून देतो, लगेच. एवढी चकती होऊ द्या."

शेजारच्या खोलीत धाकटी कॅरियरसाठी गादी शिवत होती. पाठीला टेकू, दोन्ही बाजूंना धरायला हात, खाली पाय ठेवायला फळी. कधी नव्हे ते ती गुणगुणत होती, आणि वहिनींना ते नेमकं ऐकू आलं. वैतागात आणखी भर पडली. या बाईला एवढी आशा लावून ठेवली आहे आणि उद्या हे धूड चढलं नाही तर?

महिनाअखेर तोंडावर आली तेव्हा सायकल तयार झाली. मोठी चकती ताटाएवढी, कानशीच्या खुणा अंगभर मिरवणारी. धाकटी गादीवर बसली आणि भाऊजींनी ब्रेक दाबत, बाजूने चालत तिला खाली आणलं. खांबांशी सायकल उभी करून त्यांनी आकडीने चेन बदलली. मागे माणूस आणि समोर चढ म्हटल्यावर पुढचं चाक उचललं जाईल, म्हणून पुढच्या बास्केटमध्ये प्लास्टरची भरलेली पिशवी ठेवली. सगळा विचार केला होता. वहिनी हाताची घडी घालून भिंतीशी उभ्या राहिल्या.

"निघा," धाकटी म्हणाली.

भाऊजींनी पाय मारायला सुरुवात केली. पाय भराभर फिरत होते, अगदी शिवणयंत्राच्या सुईसारखे. जोर लागत नव्हता, ते खरं होतं. चेन टिकली होती. चाकही फिरत होतं, पण इतकं हळू, की फिरतंय हे कळायला टक लावून बघावं लागे. सायकल जरा पुढे सरकली, डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली आणि खांबावर जाऊन टेकली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा भिंतीवर.

"वहिनी, तोल राहत नाहीये," भाऊजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निखळ आश्चर्य होतं की वहिनींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जोराचा हिशोब भाऊजींनी केला, तो वहिनींनी स्वतः तपासला. वेगाचा हिशोब कुणी केलाच नाही!

"कसा राहील?" त्या कडाडल्या. "सायकल उभी राहते ती पळते म्हणून! एवढ्या हळू चालणारी ती सायकल नव्हे, खुर्ची आहे खुर्ची!"

"मग तिसरं चाक लावू," धाकटी म्हणाली.

"खांबांतून जाणार नाही. मी मापलंय," भाऊजी म्हणाले. मग जरा थांबून, "कुणीतरी शेजारून चालत नुसती धरली तर?"

धरणाऱ्यांना काय तोटा? इस्त्रीवाला दुकान सोडून धावत आला. त्याने कॅरियर धरला, सायकल सरळ उभी राहिली, चार पावलं गेली. मग त्या भल्या माणसाला राहवलं नाही, त्याने हळूच पुढे रेटा दिला. खटाक! चेन खाली.

"ढकलायचं नाही! नुसतं धरायचं!"

"अहो, मदत करतोय मी!"

"मदतच नको! ढकललं की चाक पुढे पळतं, पायाखालची चेन ढिली पडते आणि चकतीवरून उतरते. नुसतं धरा!"

परत चेन चढवली. परत चार पावलं, परत रेटा, परत खटाक. "हात आपोआप जातो हो," इस्त्रीवाला ओशाळून म्हणाला. मग मुख्याध्यापक पुढे झाले. आयुष्यभर शिस्त लावली, त्यांना तरी जमेल. त्यांनी काठी बगलेत धरली, कॅरियर पकडला, आणि सायकल हलताच सगळं अंग टाकून ढकललं. बहुधा आपली कवळी वेळेवर मिळेल या आशेने. खटाक.

भाऊजी खाली बसून काळ्या हातांनी चेन लावत होते. धाकटी गादीवर पर्स धरून बसली होती. ती चढाकडे बघत नव्हती, आता खाली बघत होती, आपल्या चपलांकडे.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही धरा."

"मी?" वहिनींचा बांध फुटला. "मी एका बोटाचाही जोर लावणार नाही, सांगून ठेवते! तुम्ही दोघं खाली राहायला यावं म्हणून मी घरमालकाच्या पाया पडलेय. पडदे मोजलेत. आणि मी ढकलू? मुळीच ढकलणार नाही!"

भाऊजी उठून उभे राहिले. डोळे चमकत होते.

"वहिनी! तेच तर हवंय!"

हे ऐकून वहिनींना जो संताप आला, त्या संतापातच त्यांनी जाऊन कॅरियरची कड पकडली. चला, होऊन जाऊ दे एकदाचं. चढत नाही हे माझ्याच हाताने सिद्ध करते. दंड ताठ, कोपर लॉक, चेहरा परीक्षेच्या हॉलमध्ये असायचा तसा.

आणि सायकल चढू लागली.

खांब मागे पडले. भाऊजींचे पाय भिरभिरत होते, वहिनी शेजारून चालत होत्या, धाकटी मध्ये उंच बसून दोन्हीकडची घरं बघत होती. मागून एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन आली, जरा वेळ यांच्याबरोबर चालली, कंटाळली आणि पुढे निघून गेली.

"ताई, दमलात का?" वरून आवाज आला. "जरा सावकाश घेऊ या?"

"अगं, याहून सावकाश म्हणजे उभं राहणं!"

वळणावर भाऊजींनी दम घ्यायला ब्रेक दाबला. तरी सायकल मागे सरकू लागली तशी वहिनींनी इस्त्रीवाल्याच्या दारातलं फळकूट पायाने ओढून चाकामागे सारलं. पुढे त्याच लाकडाची त्यांनी सुताराकडून पाचर करून घेतली आणि ती कायम त्यांच्या पर्समध्ये राहिली, चष्म्याच्या घराशेजारी.

घरापाशी पोचल्यावर भाऊजी हँडलवर डोकं टेकून धापा टाकत म्हणाले, "पाहिलंत? चढली!"

"चढली? माझा हात काढून दाखवा आणि मग बोला."

धाकटी उतरली, दाराच्या चौकटीला धरून आत गेली आणि कापायच्या टेबलावर दोन्ही तळहात ठेवून उभी राहिली. खिडकीतला उजेड तिच्या हातांवर पडला होता. मग ती तिथूनच, मागे न वळता म्हणाली, "व्यायाम मंगळवारी आणि शुक्रवारी असतो, ताई."

वहिनींनी गल्लीच्या खालच्या टोकाकडे पाहिलं. वरून त्यांचं घर दिसत होतं, आणि खालच्या त्या दोन खोल्यांची बंद खिडकी. एक "नाही" म्हटलं की काम भागत होतं. महिनाअखेरीला त्या खिडकीत दिवा लागला असता. नवरा गेल्यापासून संध्याकाळी जिना चढताना खालच्या मजल्यावर कुणाची तरी भांडी वाजत असावीत, असं त्यांना फार वाटायचं. पण ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"दहाला."

"पावणेदहाला खांबांशी उभी असेन. उशीर झाला तर निघून जाईन. आणि माझी कवळी?"

"घरी पोचलो की लगेच घासून..."

"भाऊजी, आपण घराच्या दारातच उभे आहोत!"

"हो, पण आधी मुख्याध्यापकांची," भाऊजी म्हणाले.

घरमालकाला "नको" सांगायला त्या स्वतःच गेल्या. तो म्हणाला, "बाई, तुम्हीच महिनाभर माझं डोकं खाल्लंत." वहिनी म्हणाल्या, "माझंही खाल्लंय, तुम्ही एकटे नाही."

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार वहिनींच्या आयुष्यातून गेले ते गेलेच. कुणाच्या घरी कार्य असो, पाहुणे असोत, स्वतःला सर्दी असो. भाऊजी सुधारणा करत राहिले. स्प्रिंगचा हात तीनदा बदलला, लहान चकती आणखी लहान केली, म्हणजे सायकल आणखी हळू झाली. "भाऊजी, अजून थोडं केलंत तर आपण उलटे जाऊ," वहिनी म्हणायच्या. दुसरं कुणी धरायला आलं की अख्खी गल्ली ओरडायची, "ढकलायचं नाही! नुसतं धरायचं!" आणि तरी प्रत्येक जण ढकलायचाच. न ढकलता धरणारी गल्लीत एकच बाई होती, आणि तिला ते जमायचं कारण दर वेळी ती तितकीच चिडलेली असायची.

धाकटीचे गुडघे बरे झाले नाहीत, पण आखडलेही नाहीत. ती वर राहिली, शिकवत राहिली, खाली येत राहिली आणि, महत्त्वाचं म्हणजे, परत वर जात राहिली. पुष्कळ वर्षांनी एका सकाळी टेबलावर कुणाचा तरी ब्लाउज कापून ठेवून ती जरा पडते म्हणाली, आणि गेली. वरच, तिच्या घरात. हवं होतं तसं.

त्यानंतर भाऊजींनी सायकलीची चेन मोठ्या चकतीवर परत घातली नाही. सपाटीच्या गिअरवर खाली यायचे, वहिनींकडे चहा प्यायचे, चढ हातात धरून चढायचे. वहिनींना डॉक्टरांनी चढ बंद केला होता. छातीचं काहीतरी निघालं होतं. भाऊजींचे हात थरथरू लागले होते. नवीन काम त्यांनी सोडलं.

"कवळी टोचते," एकदा चहा गाळता गाळता वहिनी म्हणाल्या.

"चला वर, घासून देतो."

"वर मला मनाई आहे. तुम्ही इथे घासा."

"हाताने कानस मारली तर थरथरीने जास्त जाईल. मोटरशी हात टेकवायला आधार आहे."

"मग मोटर आणा खाली."

"टेबलाला बोल्टने बसवलीय."

"मग कवळीच न्या."

"थोडं घासायचं, तोंडात घालून बघायचं, परत थोडं घासायचं. तुम्ही शेजारी हव्यात." भाऊजींनी कप खाली ठेवला. खिडकीतून खाली दारात लावलेल्या सायकलीकडे त्यांची नजर गेली. कॅरियरवर धाकटीने शिवलेली गादी तशीच होती. "तुम्ही बसा मागे. मी नेतो. तिला घेऊन एवढी चढायची, तुम्ही काय जड आहात?"

वहिनींनीही गादीकडे पाहिलं. हो म्हणावंसं वाटलं त्यांना, पहिल्यांदाच.

"बसते," त्या म्हणाल्या. "पण धरणार कोण?"

भाऊजी विचारात पडले.

"इस्त्रीवाला?"

"ढकलेल."

"मुख्याध्यापक?"

"त्यांना आता स्वतःलाच धरावं लागतं. आणि तेही ढकलतीलच."

"शेजारची कुणी बाई?"

"भाऊजी, चांगल्या स्वभावाची बाई आहे ती. ढकलेल."

दोघांनी सायकलीकडे पाहिलं. चालवणारा एक होता, बसणारी एक होती.

"बघतो," भाऊजी उठत म्हणाले. "मिळेल कुणीतरी खडूस. मंगळवारी पावणेदहाला खांबांशी या. पाचर आणायला विसरू नका."

पाचर पर्समध्येच होती. मंगळवारी पावणेदहाला वहिनी खांबांशी जाऊन उभ्या राहिल्या. भाऊजी सायकल घेऊन आले, चेन मोठ्या चकतीवर घातलेली. एकटेच आले.

"कुणी नाही मिळालं," ते म्हणाले. "शुक्रवारी बघू."

शुक्रवार यायच्या आत भाऊजी गेले, झोपेत. डॉक्टर म्हणतात, कवळी दोन मिनिटांचं काम आहे, खाली कुणीही घासून देईल. वहिनी म्हणतात, बघू. सायकल त्या मंगळवारपासून त्यांच्या जिन्याखालीच आहे. चेन मोठ्या चकतीवर, शुक्रवारसाठी ठेवलेली, तशीच.